आपल्याकडचे कुठे असतात?

आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठीचा तास शेवटचा असायचा आणि मधल्या सुट्टीत मराठीत बोलताना सापडलं तर एक रुपया दंड. बारा वर्षांत मी किती रुपये भरले याचा हिशोब नाही, पण शेवटी शाळा जिंकली. मी घरातसुद्धा अर्धं इंग्लिश बोलायला लागले. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागात माझं नाव बघून माझ्या विंगमधल्या मुली हसणार हे मला ठाऊक आहे. हसा! पण लेख पूर्ण वाचा.

सुरुवात झाली पाचव्या सेमिस्टरच्या डीएसपीच्या मिनी प्रोजेक्टपासून. सगळ्यांनी ईसीजी नाहीतर स्पीच घेतलं होतं. मी उशिरा पोचले (मेसमध्ये त्या दिवशी मिसळ होती), तोवर चांगले टॉपिक संपले. सर म्हणाले, "काहीतरी वेगळं आण." मी वेगळं म्हणून हम्पबॅक व्हेलचं गाणं आणलं. खरं कारण एवढंच, की त्याची रेकॉर्डिंग्ज नेटवर फुकट मिळतात.

त्या रात्री रूमवर पहिल्यांदा ते वाजवलं. सुरुवातीला गंजलेल्या बिजागरीचं दार उघडावं तसा आवाज, मग एक लांबलचक हंबरडा, मग खालून कुठूनतरी ढेकर दिल्यासारखा घरघराट. माझी रूममेट मालवणची. ती उशीखालून म्हणाली, "गो बाय, म्हस व्याता काय ती?" पाच मिनिटांनी रेक्टर मॅडम आल्या. त्यांना वाटलं बोअरची मोटर जळाली.

मी मॅटलॅबमध्ये त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढला आणि मग मात्र चाट पडले. कानाला जो नुसता गोंगाट वाटत होता तो डोळ्यांना रांगोळीसारखा दिसत होता. एक ठिपका, एक रेघ, एक वळण, मग पुन्हा तोच ठिपका, तीच रेघ, तेच वळण. अमेरिकेत रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्व्हे या दोघांनी हेच १९७१ साली 'सायन्स'मध्ये छापलं होतं. त्यांच्याकडची रेकॉर्डिंग्ज मुळात फ्रँक वॉटलिंग्टन नावाच्या इंजिनिअरची. हा माणूस बर्म्युडाजवळ अमेरिकन नौदलासाठी पाण्याखालचे आवाज ऐकायच्या कामावर होता आणि त्याच्या मायक्रोफोनमध्ये हे 'नको असलेले' आवाज यायचे. म्हणजे एकाचा नॉइज तो दुसऱ्याचा सिग्नल! आमच्या लेक्चरला हे उदाहरण कुणी का देत नाही?

गाण्याची रचना अशी. एक सुटा आवाज म्हणजे युनिट. काही युनिट्‌सचं एक वाक्य. तेच वाक्य परत परत म्हटलं की एक थीम, आणि ठरलेल्या क्रमाने आलेल्या थीम्सचं मिळून एक गाणं. ते दहा-वीस मिनिटं चालतं, आणि संपलं की गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, तासन्‌तास. गातात फक्त नर. एका समुद्रातले सगळे नर एका वेळी एकच गाणं गातात, आणि ते गाणं हळूहळू बदलत जातं, तसे सगळेच बदलतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तर कमालच झाली. १९९६ मध्ये तिथे दोन परके नर आढळले, पश्चिम किनाऱ्याचं गाणं गाणारे. १९९८ पर्यंत पूर्वेच्या सगळ्यांनी आपलं गाणं टाकून ते नवीन उचललं. आपल्या गॅदरिंगमध्ये एका वर्षी एकाने कुठलंसं गाणं म्हटलं की पुढच्या वर्षी सहा जण तेच म्हणतात, तसंच.

बरं, हे गातात कसे? पाण्याखाली तोंड मिटून, हवा बाहेर न सोडता. याचं उत्तर फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. किनाऱ्याला लागून मेलेल्या देवमाशांचे कंठ लॅबमध्ये नेऊन त्यांतून हवा फुंकून बघितली. कंठात इंग्रजी यू अक्षरासारखी एक जाड घडी असते, ती समोरच्या चरबीच्या गादीवर दाबली जाऊन थरथरते आणि वापरलेली हवा परत फिरवून घेता येते. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी रूममेटला उठवून सांगितलं. तिचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. त्यावर ती जे बोलली ते मालवणीत होतं आणि छापण्यासारखं नव्हतं.

असो. आता मुद्द्याकडे येते.

दिवाळीला घरी गेले. आमच्या घरी आजोबा असतात. वय ७९. ते मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते, म्हणजे जहाजावरचे मोर्सवाले. १९६८ ला लागले. १ फेब्रुवारी १९९९ पासून जगभरच्या जहाजांवरून मोर्सची सक्ती उठली आणि त्यांची जातच संपली. जन्मभर कानाला हेडफोन लावून कटकट ऐकत बसलेल्या माणसाचे कान आता गेलेत. डॉक्टरांनी मशीन दिलंय, ते शिट्टी मारतं म्हणून ड्रॉवरमध्ये असतं.

खरं सांगायचं तर मी आजोबांशी बोलणं सोडून दिलं होतं. ठरवून नाही. एक वाक्य तीनदा ओरडून सांगायचं, त्यात माझं मराठी धेडगुजरी, त्यांना ऐकू आलं तरी अर्धं कळायचं नाही. ते "काय?" म्हणायचे, मी "काही नाही" म्हणायचे. गेली दोन वर्षं आमचा संवाद म्हणजे 'काय' आणि 'काही नाही'. ते हल्ली "काय?"सुद्धा विचारत नव्हते, नुसते माझ्याकडे बघून हसायचे. ते हसणं मला बघवायचं नाही, म्हणून मी त्यांच्या खोलीत जायचं टाळायचे. घरात सगळ्यांना दिसत होतं. कुणी काही म्हणत नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी हॉलमध्ये भावाचा मोठा स्पीकर जोडून प्रोजेक्टची फाइल वाजवत होते. आजोबा आतल्या खोलीतून बाहेर आले, काठी टेकत, आणि म्हणाले, "हे कोण ओरडतंय?"

मी थिजलेच. आईने डोअरबेल दहादा वाजवली तरी ज्यांना कळत नाही त्यांना हे ऐकू आलं! मग ट्यूब पेटली. वयानुसार कान जातात ते वरच्या फ्रिक्वेन्सींपासून. बेल वरची, माझा आवाज वरचा, आणि मराठीतले स, श, च, त हे सगळे वरचे. खालचं बरंच शिल्लक राहतं. या गाण्याची बरीचशी ताकद एक हजार हर्ट्‌झच्या खाली. मी गेले तीन महिने हेच ग्राफ काढत होते आणि घरातल्या माणसाचा ग्राफ मला सुचला नव्हता. आजोबांनी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला आणि पूर्ण बावीस मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, "देवमासा. पाहिलाय मी. एकाहत्तर साली, मसिराच्या बेटाजवळ. मोंबासाहून कुवेतला चाललो होतो. अख्खाच्या अख्खा बाहेर उडाला, आणि हाताएवढे नाही, होडीएवढे पंख." आणि लगेच पुढे, "हे कुठले?"

मी वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हवाई'.

"मग आपल्याकडचे कुठे असतात?"

मला माहीत नव्हतं. माझ्या तीस पानी रिपोर्टमध्ये अरबी समुद्राचा उल्लेख कुठेच नव्हता.

हॉस्टेलवर परत आले आणि सबमिशनचं सोडून हेच वाचत बसले. फोनवर सांगून उपयोग नव्हता, व्हॉट्सॲप त्यांना दिसत नाही. म्हणून पत्र लिहायला घेतलं. मराठीत. आयुष्यातलं पहिलं. पुढचं बरंचसं त्या पत्रातलंच आहे.

'ती. आजोबांस' लिहिलं आणि पहिल्याच वाक्यात अडकले. देवमासा लिहायचं, पण तो तर मासा नाही! शाळेत सिस्टर्सनी घोकून घेतलं होतं, व्हेल इज नॉट अ फिश. त्याला फुप्फुसं असतात, रक्त गरम असतं, मादी पिल्लाला पाजते. माशाची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, याची आडवी असते आणि वर-खाली, पळणाऱ्या चित्त्याच्या पाठीसारखी. कारण त्याचे पूर्वज चार पायांवर चालत होते. हा पुरावा कुठे सापडला असेल? आपल्याच देशात. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी दगड जमवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते दगड त्यांच्या पत्नीने जपून ठेवले आणि पुढे त्यांतूनच मांजराएवढ्या, खुरं असलेल्या 'इंडोहायस' या प्राण्याची हाडं निघाली. २००७ मध्ये थ्यूविसेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच्या कानाचं हाड देवमाशाच्या कानासारखं आहे. म्हणजे नातं पटलं ते कानावरून. आज जिवंत असलेल्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा भाऊबंद पाणघोडा, आणि गाय, म्हैस, डुक्कर, उंट हे सगळे त्याच मोठ्या कुळातले. म्हणजे माझी रूममेट अगदीच चुकली नव्हती.

हम्पबॅक हा त्यातला दातांऐवजी जाळीवाल्यांपैकी. वरच्या जबड्यातून नखाच्या जातीच्या पट्ट्या लोंबतात, दोन्ही बाजूंना शेकड्यांनी, आणि त्यांतून पाणी गाळून तो बारीक मासे आणि क्रिल खातो. (पेपरात ज्या 'देवमाशाच्या उलटी'साठी माणसं पकडली जातात ती याची नव्हे, ती दातवाल्या स्पर्म व्हेलची.) लांबी साधारण तेरा ते सोळा मीटर, वजन तीस टनांपर्यंत, म्हणजे आपली कॉलेजची बस दोनदा. कुबड वगैरे काही नसतं. बुडी मारताना पाठीची कमान करतो म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव 'मेगाप्टेरा नोव्हीअँग्ली', म्हणजे 'न्यू इंग्लंडचा मोठ्या पंखांचा'. आजोबांची होडी म्हणजे हेच पंख. शरीराच्या जवळपास एक तृतीयांश, कुठल्याही देवमाशात सर्वात लांब.

मेकॅनिकलवाल्यांनो, तुमच्यासाठी. त्या पंखांची पुढची कड गुळगुळीत नसते, गाठी-गाठींची असते. विमानाच्या पंखाची कड अशी केली तर आपले सर वर्गाबाहेर काढतील. पण २००४ मध्ये अमेरिकेत तसाच नमुना करून विंड टनेलमध्ये लावला, तर स्टॉल होण्याचा कोन गुळगुळीत पंखापेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी पुढे गेला. गाठींमधून जाणारा प्रवाह भोवऱ्यांमध्ये वळतो आणि पंखाला चिकटून राहतो, म्हणून तीस टनांचं धूड जागच्या जागी वळू शकतं. ते वळणं त्याला लागतं, कारण त्याची जेवायची पद्धत अशी: माशांच्या थव्याखाली गोल फिरत बुडबुडे सोडायचे, बुडबुड्यांच्या जाळ्यात मासे कोंडायचे, आणि मग तोंड आ करून खालून वर. अलास्कात तर पाच-दहा जण मिळून हे करतात, ज्याची त्याची जागा ठरलेली. आपल्या मेसच्या लाइनीपेक्षा शिस्त जास्त.

आता आजोबांचा प्रश्न. जगभरातले हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात खातात आणि थंडीत विषुववृत्ताकडे येऊन पिल्लं घालतात. एका फेरीत हजारो किलोमीटर, आणि गरम पाण्यात असताना जवळजवळ उपवास. फक्त एक टोळी हा प्रवास करत नाही. ती अरबी समुद्रातली. उत्तरेकडे आशियाची जमीन आडवी, जायचं कुठे? आणि जायची गरजही नाही. आपल्याकडे पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वारा ओमानच्या किनाऱ्यालगत समुद्र ढवळतो, तळाचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर शेवाळ, शेवाळावर क्रिल, सार्डिन सगळं पोसतं. म्हणजे ज्या पावसात आपण सबमिशन वाचवत धावतो त्याच पावसाचा वारा तिकडे त्यांचं ताट वाढतो. २०१४ साली जाहीर झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही टोळी सुमारे सत्तर हजार वर्षं बाकीच्यांपासून वेगळी आहे. आणि संख्या? प्रत्येक हम्पबॅकच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी वेगळी असते. तिचे फोटो जुळवून ओमानजवळ या शतकाच्या सुरुवातीला जो अंदाज निघाला तो होता ८२.

ब्याऐंशी. आमच्या एका डिव्हिजनला याहून जास्त मुलं नसतात का?

हे एवढे कमी का, हे शोधताना मला १९६६ सापडलं. तोवर हम्पबॅकच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली होती. तरी सोव्हिएत युनियनची व्हेलिंग जहाजं अंटार्क्टिकाकडे जाता जाता अरबी समुद्रात शिरली आणि १९६५ व १९६६ मिळून त्यांनी २४२ हम्पबॅक मारले, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यासमोर. त्यातले चार सोडून बाकी सगळे एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये. आंतरराष्ट्रीय आयोगाला यातलं काही कळवलं नाही. दक्षिण गोलार्धाचंही तेच, कळवले २,७१० आणि मारले होते ४८ हजारांवर. आपण जर्नलमध्ये रीडिंग 'ॲडजस्ट' करतो, करंट बरोबर येत नाही म्हणून. त्या रात्री मला माझ्या जर्नलकडे बघवेना.

खरे आकडे मिळाले तेही कसे! जहाजांवरच्या काही शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी गुपचूप जपून ठेवल्या होत्या, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० च्या दशकात त्या बाहेर आल्या. त्यांत मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या पिल्लांची मापं होती आणि जठरात काय सापडलं हेही होतं. त्यावरूनच कळलं की ही टोळी उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाने विते आणि इथेच खाते. म्हणजे 'आपल्याकडचे कुठे असतात' याचं उत्तर त्यांना चिरूनच मिळालं. हे आजोबांना लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. रूममेट म्हणाली, "लिही. त्यांच्या वाट्याचा समुद्र आसा तो." तिच्या वडिलांची बोट आहे. जाळ्यात अडकलेल्या देवमाशाचं तिला काही सांगावं लागत नाही.

मी लिहिलं. शेवटी जरा बरी बातमी म्हणून लुबानचंही लिहिलं. ही ओमानची मादी. लुबान म्हणजे आपण ज्याला लोबान म्हणतो तोच शब्द. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारा टॅग लावला, आणि ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकाशी आली आणि पुढे परत ओमानकडे गेली. वाटेत जहाजांची गजबजलेली वाहतूक. मोठ्या जहाजाचा आवाज नेमका त्याच खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो जिथे हे एकमेकांना हाका मारतात. पाण्यात आवाज सेकंदाला दीड हजार मीटर जातो, हवेच्या चौपट, त्यामुळे हाकही लांब जाते आणि गोंगाटही.

पाच पानं झाली. पोस्टात टाकताना तिकीट किती लावायचं हे मला माहीत नव्हतं, काउंटरवरच्या काकांनी लावून दिलं.

मिनी प्रोजेक्टच्या वायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, "ॲप्लिकेशन काय?" मी म्हटलं, "सर, गर्दीत एकाचा आवाज वेगळा काढणे." ते म्हणाले, "पण व्हेल का?" मी आजोबांचं सांगायला लागले आणि मध्येच गप्प बसले. २५ पैकी १९ मिळाले.

उत्तर आलं ते पंधरा दिवसांनी, मेसच्या टेबलावर, पानाच्या डागासकट. आजोबांचं अक्षर कापरं झालंय, पण ओळी सरळ. त्यांनी लिहिलं होतं की नोव्हेंबर ६६ मध्ये ते मुंबईत रेडिओचा कोर्स करत होते आणि क्लासच्या रिसीव्हरवर रशियन जहाजांचं मोर्स कधीकधी पकडायचे, भाषा कळायची नाही, नुसता सराव म्हणून अक्षरं उतरवून घ्यायचे. 'ती कुठली जहाजं होती ते आता कळायला मार्ग नाही.' एवढंच, त्याच्यावर एक अक्षर जास्त नाही. मग लिहिलं होतं: 'मसिराजवळ मी पाहिला तो त्यातून वाचलेला असणार. तू सर्व एकच गाणे गातात असे लिहितेस. आमच्यात उलट. प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा, दोन अक्षरांत माणूस ओळखू येई. मोठ्या स्पीकरची सोय कायम ठेवावी.'

सोबत माझं पत्रही परत पाठवलं होतं, लाल शाईने तपासून. एकूण चुका एकशे सदतीस. पहिल्या पानावर वर लिहिलंय, '"शेपुट" नव्हे. शेपूट. पू दीर्घ. परंतु शेपटीला काही नाही. पुढच्या पत्रात लक्ष द्यावे.'

(तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार)